थंडीत पहाटे सायकल: १५०० रुपयांत काय घ्यावं? (पुणे)

वारजेकर
मंडळी, जरा मदत पाहिजे. पावसाळा संपल्यावर सायकल घेतली, साधी हायब्रिड. रोज वारजे ते शिवाजीनगर ऑफिस आणि रविवारी ग्रुपबरोबर शिवण्याच्या पुलावरून नांदेड सिटी, खडकवासला आणि पायांनी साथ दिली तर सिंहगड. ऑक्टोबर-नोव्हेंबर मस्त गेले. आता पावणेसहाला निघालो की नांदेड सिटी येईपर्यंत बोटं बधीर, ब्रेक दाबलाय की नाही तेच कळत नाही, आणि गडाचा अर्धा घाट चढेपर्यंत आतला टीशर्ट पिळून काढावा इतका ओला होतो. वर चहा होईपर्यंत ठीक वाटतं, उतरताना मात्र दात वाजतात. एकाच सकाळी घामाघूम पण आणि कुडकुडायचं पण.

घरात आहे ते असं: हुडीवाला जाड स्वेटशर्ट, आईने विणलेला लोकरी स्वेटर (तो घालून पडलो तर घरी माझ्याआधी स्वेटरची चौकशी होईल), पावसाळी विंडचीटर, ट्रॅकपँट. बजेट १५००, त्याच्यावर नाही. ग्रुपमधल्या एकाने त्याचं जॅकेट दाखवलं, त्या पैशात माझी अर्धी सायकल येते. तर काय घ्यावं, आणि काय घ्यायची गरजच नाही?

सिंगलस्पीड
डेकॅथलॉनला जा, थंडीचं सायकलिंग जॅकेट घे. विषय संपला.

चढण_नको
विषय नाही संपला, बजेट संपलं :)

ऑरेंजसिटी
१२ डिग्रीला दात वाजून राहिले काय पुणेकरांचे? राजेहो, आमच्याकडे नागपुरात या एकदा जानेवारीत, मग धागा काढा.

पाषाणकर
नागपूरकर भाऊ, १२ शिवाजीनगरला असतं हो. पाषाण, एनडीए, हवेली या बाजूला पहाटे त्याहून दोन-तीन डिग्री कमी ही नेहमीची गोष्ट आहे, बरेचदा एक आकडीच. आणि रेकॉर्डचंच बोलायचं तर १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात १.७ नोंदलंय. तेव्हा सायकलवरच फिरायचे सगळे :)

उष्णतागणित
वारजेकर, तुम्ही जे लिहिलंय त्यात थंडीपेक्षा घाम आणि वारा यांचाच वाटा मोठा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं घामाचं. पेडल मारताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं त्यातली २०-२५ टक्केच चाकापर्यंत जाते, बाकीची सगळी उष्णता. चढावर तुम्ही चालती-बोलती भट्टी असता, बाहेर ८ अंश असो नाहीतर १८. वरून जाड हुडी, म्हणजे घाम येणारच. आता १ लिटर घाम सुकायला साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता लागते आणि ती तुमच्या अंगातूनच जाते. चढताना ती जायलाच पाहिजे, फायदाच आहे, पण वर पोचून तुम्ही थांबता, भट्टी बंद होते आणि कपडे मात्र सुकतच राहतात. कॉटन यात सगळ्यात वाईट कारण ते पाणी धरून ठेवतं आणि पोटाला पाठीला चिकटून बसतं. क्रिकेट-फुटबॉलचे ते चकचकीत पॉलिएस्टरचे टीशर्ट असतात ना, ते पाणी फारसं पीत नाहीत, घाम पसरवतात आणि पटकन सुकतात. सगळ्यात आतला कपडा तो पाहिजे.

दुसरं वाऱ्याचं. अमेरिका-कॅनडात २००१ पासून जे विंड चिलचं सूत्र वापरतात त्यात आकडे घालून बघा: हवा १० अंश, तुम्ही २५ च्या वेगाने चाललाय, तर उघड्या कातडीला ७ असल्यासारखं लागतं. ४० ने उतरलात तर ६. म्हणजे वेग वाढल्याने आकडा तितका कोसळत नाही, खरा फटका तुम्ही ओले असता आणि उतारावर पाय थांबलेले असतात त्याचा आहे. म्हणून जाडी वाढवण्यात अर्थ नाही. आत कोरडं आणि पुढून वारा बंद, एवढंच जमवायचं.

तुमचा पावसाळी विंडचीटर त्यासाठी चालेल, पण फक्त उतरताना. चढताना घातलात तर आतल्या आत पाऊस पडेल.

वारजेकर
हे पटलं. म्हणजे हुडी बाद?

घाटवाट
हुडी पूर्ण बाद. टोपी हेल्मेटखाली मावत नाही आणि मागे लोंबली की वारा भरून छत्री होते.

सिंहगडवाल्यांसाठी माझी पद्धत सांगतो. घरातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारात उभं राहून उबदार वाटलं तर समजा एक कपडा जास्त आहे. पहिली दहा मिनिटं वाईट जातात, मग अंग तापतं. गोळेवाडीच्या नाक्याशी थांबायचं, वरचं जे काही असेल ते काढून कमरेला किंवा कॅरियरला, चेन पार खालपर्यंत उघडी. तिथून वर गाडीतळापर्यंत अंतर जेमतेम ८-९ किलोमीटर, पण चढ जवळजवळ ६०० मीटरचा, तुम्हाला गरम व्हायला कपड्याची गरज नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला शून्य रुपये लागतात: एक कोरडा बनियन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यायचा. वर पोचलं की भज्यांची ऑर्डर द्यायच्या आधी ओला टीशर्ट काढायचा, अंग पुसायचं, कोरडा बनियन, त्यावर विंडचीटर. लोक काय करतात, ओल्या अंगाने कांदाभजी, मग पिठलं-भाकरी, मग वर मडक्यातलं दही खातात, तासभर वाऱ्यात बसतात, आणि उतरताना म्हणतात काय थंडी आहे राव. लाज वाटत असेल तर गाड्यांच्या आडोशाला जा, तिथे सकाळी सगळेच तेच करत असतात.

अजून एक, नवीन लोकांना पटत नाही पण खरं आहे: पहाटे सगळ्यात जास्त थंडी गडावर नसते, खाली असते. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून खाली येऊन खोलगट भागात साचते. त्यामुळे खडकवासल्याच्या आसपास, नदीकाठाला अंगावर काटा येतो आणि घाटात दोन-तीन वळणं चढलात की हवा चक्क ऊबदार लागते. तेव्हा पायथ्याची थंडी बघून "वर काय असेल" म्हणून अजून कपडे चढवू नका.

निवांत_पेडल
कोरड्या बनियनला +१. आम्हा बायकांना गाडीआड वगैरे जमत नाही, पण त्याला उपाय आहे: आत पॉलिएस्टरचा स्लीव्हलेस टॉप, त्यावर पूर्ण बाह्यांचा पुढून चेनवाला पातळ टॉप. भिजतो तो आतला, आणि चढताना चेन उघडी ठेवली तर तोही वरपर्यंत बऱ्यापैकी सुकतो. ट्रॅकपँटऐवजी जाड लेगिंग घाला, पुरुषांनीसुद्धा. हसू नका, सायकलिंग टाइट म्हणून जे विकतात ते वेगळं काय असतं? पायाला चिकटून बसते, चेनमधे अडकत नाही, गुडघे झाकलेले राहतात. तुळशीबागेत आणि कॅम्पात फॅशन स्ट्रीटला ढिगाने आहेत, फक्त आतून फर लावलेली घेऊ नका, आठ वाजता पायाची भाजी होते.

आणि पुण्यातल्या मुलींकडे सगळ्यात भारी थंडीचं सामान आधीच आहे, तो गाडीवर गुंडाळायचा स्कार्फ. कान, नाक, गळा सगळं त्यात. सायकलवर मात्र गाठ मागे मानेवर मारून टोकं जॅकेटच्या आत खोचायची, लोंबती ठेवायची नाहीत, मागच्या चाकात गेली तर जीवावर बेतेल. ज्यांना गुंडाळणं जमत नाही त्यांनी बफ घ्या (गळ्यात घालून नाकावर ओढायची कापडी नळी), रस्त्यावर सिग्नलला पण मिळतात, शंभरच्या आत. थंडीत चौकाचौकात शेकोट्या असतात आणि पालापाचोळा जाळत असतात, तो धूर थेट घशात जाण्यापेक्षा बफ नाकावर असलेला बरा.

सिंगलस्पीड
ताई लेगिंगचं ठीक आहे पण मी घालून सोसायटीतून बाहेर पडलो तर ग्रुपवर फोटो येईल.

निवांत_पेडल
वरून हाफ पँट घाल. अर्धे जण तसंच करतात.

जुनी_हर्क्युलिस
तुमची सगळ्यांची चर्चा वाचतोय. मी खडकीला अॅम्युनिशन फॅक्टरीत होतो, शनिवार पेठेतून सकाळच्या पाळीला सायकलनेच जायचो, आणि आम्ही एकटे नव्हतो, संगम पुलावर पहाटे सायकलींची रांग असायची. तेव्हा पॉलिएस्टर बिलिएस्टर नव्हतं. गंजीफ्रॉक, त्यावर शर्ट, मग छातीवर वर्तमानपत्राची चौघडी, मग स्वेटर. कागदातून वारा जात नाही. खडकी आली की कागद काढायचा, डबा खाताना वाचायचा. खर्च काय तो तुम्हीच लावा.

डोक्याला कानटोपी. पायात लोकरी मोजे. हातात मात्र काही नसायचं, हात आळीपाळीने खिशात. ते तुम्ही करू नका, आताची रहदारी तशी नाही.

उष्णतागणित
काका, दंडवत! वर्तमानपत्राची युक्ती टूर द फ्रान्सवाले पण वर्षानुवर्षं वापरायचे. घाटमाथ्यावर प्रेक्षक पेपर पुढे करायचे, खेळाडू तो जर्सीच्या आत सारून उतार उतरायचे. वारजेकर, उतरताना विंडचीटर नसेल तर वर टपरीवर शिळा पेपर मागा, कुणी नाही म्हणत नाही.

पाषाणकर
अवांतर: आता पेपर घेतंय कोण? छातीवर मोबाईल लावायचा का?

जुनी_हर्क्युलिस
आमच्याकडे अजून दोन येतात. या, रद्दी नेऊन जा.

टायरट्यूब
हातमोज्यांचं कुणीच नीट लिहिलं नाही आणि मूळ तक्रार तीच आहे, बोटं बधीर.

सांगतो. फुटपाथवर जे स्कूटरवाले लेदरसारखे जाड हातमोजे मिळतात ते नका घेऊ. बोटं गरम राहतात हे खरं, पण ब्रेकचा लिव्हर हाताला कळत नाही, आणि सिंहगडच्या उतारावर ते कळलंच पाहिजे. बोटं सडपातळ राहतील असे विणलेले पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या, तळव्याला रबराचे ठिपके असलेले. बोहरी आळीत कामगारांच्या सेफ्टीच्या सामानात मिळतात, अगदी स्वस्त. त्यातून वारा जातो, मान्य, म्हणून फार थंडी असेल त्या दिवशी आत नायट्रिलचे डॉक्टरी हातमोजे. दहा-बारा रुपयांना जोडी पडते. हातात घाम साचतो, वर पोचून काढलेत की हात धुऊन काढल्यासारखे ओले असतात, पण तोपर्यंत बोटं जिवंत असतात. उतरायच्या आधी नवी कोरडी जोडी.

आणि हँडल घट्ट धरू नका. नवीन लोक थंडीत हँडलला लोंबकळतात, मनगटावर सगळा भार, त्यानेही बोटं बधीर होतात. सीट एकदा दुकानातून नीट लावून घ्या. बधीरपणा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटातच जास्त असेल तर तो थंडीचा कमी आणि दाबाचा जास्त, तळव्यातली नस तिथे दबते.

वारजेकर
टायरट्यूब भाऊ, करंगळीच! डाव्या हाताची जास्त.

टायरट्यूब
मग आधी सीट बघ, हातमोजे नंतर. सीटचं नाक खाली झुकलंय का? झुकलं असेल तर तू सारखा पुढे घसरतोस आणि हाताने स्वतःला मागे ढकलतोस. सपाट कर.

परदेशी_पेडल
मी मिनीॲपोलिसला असते, इकडे जानेवारीत -२० ला लोक सायकलने ऑफिसला जातात आणि तरीसुद्धा नियम हाच, निघताना थोडं गार वाटू दे. फक्त इकडे हँडलवर मोठाले कापडी खिसे बसवतात, हात त्यात सरकवायचा. उत्तर भारतात स्कूटरला लावतात तसलेच. पुण्यात त्याची काही गरज नाही, पण ज्यांना संधिवात आहे किंवा बोटं पटकन पांढरी पडतात त्यांनी विचार करा.

एक गोष्ट इकडे आल्यावर शिकले ती म्हणजे लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते. त्यामुळे मोजे लोकरीचे घ्या. वारजेकर, आईंचा स्वेटर पण नालायक नाही हं, पण तो चढावर नको, चहाच्या थांब्याला.

चढण_नको
बाजारात थर्मल म्हणून मिळतं ते घ्यावं का? घरी आहे एक जोडी, पांढरी, बाबांची.

उष्णतागणित
लेबल वाचा. आपल्याकडे थर्मल म्हणून विकतात त्यात बरेचदा कॉटन भरपूर असतं, घरात बसायला किंवा स्कूटरवर उत्तम, सायकलवर ओलं फडकं. शिवाय ते अंगाला आत घातलेलं, आठ वाजता ऊन आल्यावर काढणार कुठे? पुण्यात पहाटे ९-१० आणि दुपारी २८-३०, हा फरक लक्षात ठेवून खरेदी करा. जे रस्त्यात उभ्या उभ्या काढता येत नाही ते घेऊच नये. म्हणून बाह्या वेगळ्या मिळतात त्या उत्तम, आर्म स्लीव्ह. सरकवल्या खाली की काम झालं.

घाटवाट
आर्म स्लीव्हला पण पैसे घालवू नका. फुटबॉलचे गुडघ्यापर्यंतचे मोजे घ्या, पंजाचा भाग कापून टाका, कडेला शिवण मारा. झाली बाही. खेळाच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतात, जुने असतील तर फुकट. दिसायला थोडं विचित्र आहे, पावणेसहाला कोण बघतंय.

रात्रपाळी
कोण बघतंय हाच मुद्दा आहे. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. तुम्ही पावणेसहाला काळा विंडचीटर, काळी लेगिंग, काळी कानटोपी घालून सिंहगड रस्त्याला चाललाय आणि मागून डंपर येतोय. मी रात्रपाळी संपवून त्याच वेळी गाडीने परत येतो, खडकवासल्याच्या पुढे धुकं असलं की असा काळा सायकलवाला मला अगदी जवळ आल्यावर दिसतो, आणि मी हळू चालवणारा माणूस आहे. या १५०० मधले पहिले पैसे त्या रस्ता दुरुस्तीवाल्या लोकांच्या पोपटी जाळीच्या जॅकेटवर आणि मागच्या लाल दिव्यावर घाला, बाकी थंडी बिंडी नंतर. ते जॅकेट जाळीचं असतं, हवा खेळती राहते, कशावरूनही घालता येतं, बोहरी आळीतच मिळेल.

निवांत_पेडल
हे सगळ्यात आधी यायला हवं होतं. रात्रपाळी, धन्यवाद.

सिंगलस्पीड
मान्य. जॅकेटवाला सल्ला मागे घेत नाही, ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला आरामच आहे, पण पोपटी जॅकेट मी पण घेतोय.

वारजेकर
रिपोर्ट देतो. सगळ्यांचे आभार, खास करून काकांचे.

सीट खरंच पुढे झुकलेली होती, दुकानदाराने सपाट करून दिली, पैसे घेतले नाहीत. बोहरी आळीतून पोपटी जॅकेट आणि ठिपकेवाले हातमोजे, दोन्ही मिळून अडीचशेच्या आत. मेडिकलमधून नायट्रिलच्या काही जोड्या. पॉलिएस्टरचे टीशर्ट घरात क्रिकेटचे होतेच, ते कपाटात आणि मी कॉटन घालून फिरत होतो. लेगिंग घेतली, बायकोनेच आणली, वरून हाफ पँट. लोकरीचे मोजे तिबेटी लोकांच्या स्टॉलवरून, घासाघीस जमली नाही, तरी महाग नाहीत. बफ सिग्नलला. मागचा दिवा चांगला घेतला कारण रात्रपाळी भाऊंनी घाबरवलं. सगळं मिळून हजाराच्या थोडं वर.

रविवारी पहिली दहा मिनिटं शिव्या घातल्या तुम्हाला, शिवण्याच्या पुलावर तर फार. नाक्यापासून वर फक्त टीशर्ट. वर बनियन बदलला आणि पेपर टपरीवर मागितला तर त्यांनी आधी विचारलं भजी बांधून देऊ का. उतरताना गुडघ्यांच्या खाली गार लागलं, बाकी काही नाही. करंगळीला मुंग्या अजून थोड्या येतात.

टायरट्यूब
मुंग्या जायला वेळ लागतो. दर काही मिनिटांनी हाताची जागा बदल, ग्रिपवर मधे-टोकाला. दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर डॉक्टरला दाखव, पुढे ढकलू नको.

पाषाणकर
रोजच्या ऑफिसचं काय करतोस? तिथे बनियन कुठे बदलणार?

वारजेकर
ऑफिसला साडेआठला निघतो, तोपर्यंत ऊन असतं, टीशर्टवर जातो आणि शर्ट बॅगेत. येताना सातला हलकं गार, विंडचीटर पुरतो.

शाळेची_घंटा
धागा हायजॅक करते थोडा. माझा मुलगा पाचवीत आहे, सकाळची शाळा, सायकलने दहा मिनिटांचं अंतर. तो टीशर्टवर निघतो आणि म्हणतो मला थंडी वाजत नाही. वरचं सगळं त्याला लागू होतं का?

परदेशी_पेडल
नाही ताई. दहा मिनिटांत अंग तापतच नाही आणि मुलं मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात, तेव्हा त्याला "निघताना गार वाटू दे" लावू नका. शाळेचा स्वेटर, त्यावर पातळ विंडचीटर, कान झाकतील अशी पातळ टोपी हेल्मेटच्या आत. टोपी घातल्यावर हेल्मेटचा पट्टा परत लावून बघा, घट्ट किंवा सैल होतो. गोंडा असलेली टोपी नको, हेल्मेट वर उचललं जातं. मफलर तर अजिबात नको.

टायरट्यूब
आणि हातमोजे घालून त्याला ब्रेक पूर्ण दाबता येतोय का ते घरासमोर एकदा बघा. लहान हातांना लिव्हर लांब पडतो. बऱ्याच सायकलींना लिव्हरपाशी छोटा स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. नसेल जमत तर कुठलाही सायकलवाला पाच मिनिटांत करून देईल.

शाळेची_घंटा
स्क्रू सापडला, फिरवला, आता दाबतोय. टोपीवरून भांडण चालू आहे.